दोन लांबलचक, वेगवान गाड्या: १९६६ ची क्रायस्लर ३०० आणि १९९६ ची शेव्हरोले इंपाला एसएस

अमेरिकेत ज्यांना ‘फुल-साइज’ म्हणतात, म्हणजे मागच्या बाकावर तीन मोठी माणसे पाय पसरून बसतील, डिकीत अख्ख्या कुटुंबाचे सामान मावेल आणि बोनेटखाली आठ सिलिंडरांचे इंजिन असेल, अशा दोन वेगवान गाड्या माझ्या मालकीच्या झाल्या. त्यांपैकी एक २२ वर्षे सांभाळून मी २००९ मध्ये विकली आणि दुसरी आजही मिशिगनमधील आमच्या गॅरेजमध्ये उभी आहे. अशी गाडी घ्यावी की नाही, असे मला अनेकांनी विचारले आहे आणि प्रत्येक वेळी माझे उत्तर लांबत गेले आहे, म्हणून ते येथे सविस्तर मांडते. या गाड्यांचा वेग शून्यापासून साठ मैलांपर्यंतच्या सेकंदांत शोधू नये. तो पन्नास ते ऐंशी मैलांच्या मधल्या पट्ट्यात असतो, तेथे तो विलक्षण असतो, आणि त्याला आवर घालण्याची तयारी चालवणाऱ्याने आधीपासून केलेली असावी लागते.

पहिली गाडी, १९६६ ची दोन दारांची क्रायस्लर ३०० हार्डटॉप (म्हणजे बाजूच्या काचांच्या मध्ये खांब नसलेली), मी १९८७ मध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांकडून १,८०० डॉलरना घेतली. ते डेट्रॉइटच्या जेफर्सन अ‍ॅव्हेन्यूवरील कारखान्यात काम करीत असत, आणि याच कारखान्यात त्या काळच्या क्रायस्लर गाड्या जुळवल्या जात. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर अशा गाड्यांची किंमत इतकी घसरली होती की तरुण मंडळी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत आणि शौकिनांची नजर अजून त्यांच्यावर पडायची होती. मी त्या वेळी नुकतीच अभियंता म्हणून नोकरीला लागले होते आणि मला खरे तर एखादी लहान, काटकसरी गाडी हवी होती. शेजारच्या गृहस्थांनी मला एकदा शेजारी बसवून शहराबाहेर नेले, परतताना किल्ली माझ्या हाती दिली, आणि काटकसरीचा विचार त्याच संध्याकाळी मागे पडला.

‘३००’ हा आकडा कोठून आला, हे विकत घेणाऱ्याने जाणून घ्यावे, कारण आजच्या किमती त्यावर ठरतात. १९५५ मध्ये क्रायस्लरने सी-३०० नावाची गाडी काढली. तिच्या ३३१ घनइंचांच्या हेमी (म्हणजे अर्धगोलाकार ज्वलनकक्षांच्या) इंजिनाची नोंदलेली शक्ती ३०० अश्वशक्ती होती, म्हणून तो आकडा नावात आला. पुढे दर वर्षी नावाला एकेक अक्षर जोडले गेले आणि १९६५ च्या ३००-एल या गाडीने ती मालिका संपली. माझी गाडी अक्षर नसलेली, म्हणजे जाणकारांच्या उतरंडीत एक पायरी खालची. मला ही उतरंड मान्य नाही. ज्या वर्षी अक्षर गेले, त्याच वर्षी ४४० घनइंचांचे नवे इंजिन आले, आणि ते ज्या ३०० मध्ये बसवले गेले ती गाडी रस्त्यावर आपल्या अक्षरधारी थोरल्या बहिणींपेक्षा कशातही कमी नव्हती. साध्या ३०० मध्ये ३८३ घनइंचांचे, ३२५ अश्वशक्तीचे इंजिन येत असे. ४४० चे टीएनटी नावाचे ३६५ अश्वशक्तीचे रूप जादा पैसे भरून मागावे लागे, आणि माझ्या गाडीच्या पहिल्या मालकाने ते मागितले होते. त्या अनोळखी माणसाचे मी मनोमन अनेकदा आभार मानले आहेत.

४४० घनइंच म्हणजे सुमारे ७.२ लिटर. ३६५ हा आकडा आकर्षक असला, तरी या इंजिनाचा स्वभाव त्याच्या ४८० पाऊंड-फूट टॉर्कमध्ये, म्हणजे फिरवण्याच्या जोरात, आहे. सोबत तीन गिअरांचा टॉर्कफ्लाइट हा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे आणि माझ्या गाडीच्या मागच्या आसाचे गुणोत्तर २.७६ होते, म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे २.७६ फेरे. या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय घडते, ते आकड्यांनीच समजते. ताशी ६० मैलांना इंजिन मिनिटाला जेमतेम दोन हजार फेरे घेत असते, म्हणजे ते जवळजवळ विश्रांती घेत असते. पहिला गिअर एकटाच गाडीला ६० च्या आसपास नेऊ शकतो आणि दुसरा शंभरापलीकडे. ताशी ५० मैलांनी जात असताना ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तर गिअरबॉक्स दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो, फेरे चोवीसशेच्या घरात जातात, आणि तेथपासून पुढे हे इंजिन आपल्या सर्वांत समर्थ पट्ट्यात शिरते. लहान इंजिनाची वेगवान गाडी या क्षणी ओरडते, तशी ही ओरडत नाही. तिचा आवाज एक सूर खाली जातो, बोनेटची पुढची कड किंचित उचलली जाते, आणि समोरचे वाहन मागे सरकू लागते.

मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात एम-२८ हा रस्ता सेनी आणि शिंगलटन या गावांच्या दरम्यान सुमारे २५ मैल अगदी सरळ जातो. दोन्ही बाजूंना दलदल आणि झाडी, एका दिशेला एकच मार्गिका, आणि पुढे लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक. या रस्त्यावर मी ही गाडी खऱ्या अर्थाने ओळखली. ट्रकच्या मागून बाहेर येऊन, त्याला ओलांडून, पुन्हा आपल्या मार्गिकेत शिरेपर्यंतचा काळ हा दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावरील सर्वांत धोक्याचा काळ असतो, आणि ही गाडी तो काळ आखूड करते. माझ्या मते अशा गाडीच्या वेगाचा याहून अधिक समंजस उपयोग नाही. एका उन्हाळ्यात माझे बाबा आमच्याकडे आले होते आणि मागच्या बाकावर बसून झाडी पाहत होते. मी ट्रक ओलांडला, आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “अगं, तो ट्रक थांबला का मध्येच?” त्यांना आमचा वेग वाढलेला जाणवलाच नव्हता, ट्रक मागे पडलेला तेवढा दिसला होता. मला या गाडीचे याहून अचूक वर्णन करता आलेले नाही.

त्याच प्रवासात मॅकिनॉ पूल लागतो. १९५७ मध्ये खुला झालेला हा पूल सुमारे पाच मैल लांब आहे आणि त्याच्या आतल्या मार्गिकांवर पोलादी जाळी आहे. जाळीवरून चाके गेली की संथ, घुमणारा नाद सुरू होतो आणि गाडी बोटभर इकडे, बोटभर तिकडे डोलते. या गाडीचे पॉवर स्टिअरिंग एका बोटाने फिरेल इतके हलके आहे. गाडी लावताना ही चैन वाटते, परंतु त्या जाळीवर चाकांकडून हातांना काहीच कळत नाही, तेव्हा तीच उणीव ठरते. मी अनेक वर्षे ती गाडी चालवली, पण तिच्या स्टिअरिंगवर माझा पूर्ण विश्वास कधी बसला नाही. मी रस्त्याकडे पाहून चालवायला शिकले, हातांच्या जाणिवेवर चालवायचे सोडून दिले.

चेसिसबद्दल मात्र माझे मत याच्या उलट आहे. त्या काळच्या बहुतेक मोठ्या अमेरिकन गाड्या वळणावर बोटीसारख्या कलत, आणि त्याबद्दलची टीका रास्तच आहे. क्रायस्लरने १९५७ पासून पुढच्या चाकांसाठी स्प्रिंगांऐवजी टॉर्शन बार वापरले, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेल्या आणि पीळ घेणाऱ्या पोलादी कांबी. मागे साधे पाटेच (लीफ स्प्रिंग) आहेत, पण आस पाट्याच्या मध्यावर न ठेवता मध्याच्या पुढे ठेवलेला असल्यामुळे पाट्याचा पुढचा भाग आखूड आणि ताठ राहतो, आणि जोरात निघताना आस पीळ खात नाही. परिणाम असा की सुमारे दोन टन वजनाची आणि १८ फुटांहून लांब गाडी लांब, मोकळ्या वळणावर आपली रेघ धरून जाते. आखूड वळणांवर तिला घाई करू नये, तेथे तिचे वजन लगेच जाणवते. टॉर्शन बारची आणखी एक सोय अशी की एक बोल्ट फिरवून गाडीची पुढची उंची जुळवता येते. जुन्या गाडीची पुढची बाजू बसलेली दिसली, तर विकणारा तो बोल्ट आवळून ती तात्पुरती उचलू शकतो. म्हणून केवळ उंची पाहू नये, बार ज्या आडव्या पोलादी भागात मागे अडकवलेले असतात तो भाग गंजला आहे का, हे गाडी वर चढवूनच पाहावे. मिशिगनसारख्या राज्यात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि तेथे वाढलेल्या गाडीत तो भाग गेलेला असेल, तर रंग कितीही चकचकीत असला तरी ती गाडी घेऊ नये.

आता ब्रेक. या गाडीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते. पुढच्या चाकांसाठी डिस्क ब्रेक त्या वर्षी जादा पैशांत मिळत असत, पण ज्या पहिल्या मालकाने मोठे इंजिन मागितले, त्याने ते मागितले नव्हते, आणि त्या काळात अशी निवड अजिबात विरळा नव्हती. ड्रम ब्रेक थंड असताना एकदा करकचून दाबला, तर तो आपले काम करतो. अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी येते. ड्रम तापला की तो प्रसरण पावतो आणि आतल्या लायनिंगपासून दूर जातो, तापलेल्या लायनिंगची पकडही कमी होते, आणि बंद डब्यातील ती उष्णता बाहेर जायला वाट सापडत नाही.

हे सगळे मला पुस्तकी स्वरूपात माहीत होते. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही पेनसिल्वेनियात महामार्ग ३० वरून पश्चिमेकडे येत होतो. हा रस्ता तस्कारोरा डोंगराचा माथा ओलांडून मॅककॉनेल्सबर्गकडे चांगल्या उताराने खाली येतो. मी गिअर तिसऱ्यातच राहू दिला आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबत राहिले. अर्ध्या उतारावर जळका वास आला, पेडल पूर्वीइतकेच कडक होते, पण गाडी मात्र मंदावत नव्हती. तेव्हा मी लिव्हर दुसऱ्या गिअरमध्ये आणि मग, वेग पुरेसा उतरल्यावर, पहिल्यात ओढला. इंजिनाने गाडी धरली, आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत आम्ही जवळजवळ तासभर ड्रम निवण्याची वाट पाहत बसलो. मागे आमचा दोन वर्षांचा मुलगा झोपलेला होता. चूक सर्वस्वी माझी होती. उताराच्या माथ्यावरच खालचा गिअर घालावा, हा नियम मी पाळला नाही. त्या दिवसानंतर मी या गाडीत समोरच्या वाहनापासून दुप्पट अंतर ठेवू लागले आणि पुढच्या वर्षी पुढे डिस्क ब्रेक बसवून घेतले.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. १९६६ च्या बहुतेक अमेरिकन गाड्यांप्रमाणे या गाडीच्या ब्रेकची द्रवप्रणाली एकेरी आहे, म्हणजे एका चाकाची नळी फुटली तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन स्वतंत्र भागांची प्रणाली पुढच्याच वर्षी सर्वत्र आली आणि १९६८ पासून कायद्याने सक्तीची झाली. जुन्या गाडीत दुहेरी मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेकच्या द्रवावर दाब आणणारा भाग) बसवणे हे फार खर्चाचे काम नाही. गाडी मूळ स्थितीत राहिली पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्यांशी मी रंग, गालिचे आणि रेडिओ यांबाबत सहमत आहे, ब्रेकबाबत नाही. स्टिअरिंगचा दांडा अपघातात आत दबेल अशी रचनाही त्या गाडीत नाही आणि खांद्यावरून जाणारे पट्टे नाहीत. मुले मोठी होत गेली तशी मी ती गाडी लांबच्या प्रवासाला नेणे कमी केले, आणि त्याचे कारण हेच होते.

रोजच्या सोबतीत ही गाडी समजायला सोपी आहे, पण तिच्या सवयी माहीत असाव्या लागतात. तिच्या स्टार्टरमध्ये गिअरची एक जोडी असल्यामुळे तो एका विशिष्ट लयीत किणकिणतो, आणि त्या काळच्या क्रायस्लर गाड्या ज्यांनी ऐकल्या आहेत ते डोळे मिटून हा आवाज ओळखतात. इंजिन सुरू होऊन किल्ली सोडताच बंद पडले, तर बहुधा बोनेटखालचा चिनी मातीचा बॅलास्ट रेझिस्टर गेलेला असतो. सुरू करताना विजेचा प्रवाह त्याला वगळून जातो आणि किल्ली सोडल्यावर त्याच्यातून जातो, म्हणून असे घडते. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक सुटा रेझिस्टर आणि एक स्क्रूड्रायव्हर ठेवला की प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी दांडी नीट जुळवलेली आहे का, हे अवश्य तपासून घ्यावे. ती केवळ गिअर कधी बदलावा हे ठरवत नाही, तर आतल्या तेलाचा दाबही ठरवते, आणि ती ढिली राहिली तर उत्तम गिअरबॉक्स काही महिन्यांत जळतो.

चाकांच्या नटांची गोष्ट मात्र मला महागात पडली. त्या काळच्या क्रायस्लर गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्यांचे नट असतात, म्हणजे ते सोडवण्यासाठी उजवीकडे फिरवावे लागतात. स्टडच्या टोकावर तशी खूणही असते. एका टायरच्या दुकानात मी हे सांगितले, तेथील तरुणाने मान डोलावली, आणि मी कागदांवर सही करायला आत गेले तेवढ्यात त्याने हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्याने तीन स्टड तोडले. तेव्हापासून चाक काढताना मी स्वतः शेजारी उभी राहत असे.

पेट्रोलचा हिशेब सरळ आहे. गावात गॅलनला १० मैल, मोकळ्या रस्त्यावर फार तर १३. हे इंजिन शिसेयुक्त, उच्च ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी घडवले होते, आणि १९९६ पासून अमेरिकेत रस्त्यावरील गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर पूर्ण बंदी आली. शिशामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकींना संरक्षण मिळत असे, म्हणून इंजिन उघडले तेव्हा मी कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घेतल्या. ९३ ऑक्टेनचे पेट्रोल आणि ठिणगीचे किंचित मागे घेतलेले टायमिंग यांवर गाडी समाधानाने चालली. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्या मऊ करते, त्या एकदा बदलल्या की भागते.

मध्यंतरी एका स्नेह्यांची १९६५ ची पॉन्टिॲक २+२ मला दोन दिवस चालवायला मिळाली. ४२१ घनइंच, एका ओळीत तीन कार्ब्युरेटर, आणि हाताने बदलायचे चार गिअर. निव्वळ उत्साहात ती माझ्या गाडीच्या पुढे होती. तिची आठ नटांची अ‍ॅल्युमिनियमची चाके केवळ शोभेची नव्हती, ब्रेकचा ड्रम चाकाचाच भाग असल्यामुळे त्याच्या पंखांना सरळ वारा लागे आणि तो लवकर निवत असे. कोणी तरी या अडचणीचा विचार केला होता, हे पाहून मला फार बरे वाटले. परंतु तिचा क्लच इतका जड होता की दुसऱ्या दिवशी सायंकाळी मी ती आनंदाने परत केली.

दुसरी गाडी, १९९६ ची शेव्हरोले इंपाला एसएस, मी १९९८ मध्ये वापरलेली घेतली. १९६० च्या दशकात इंपाला एसएस हे नाव फार मोठे होते. १९६१ मध्ये ४०९ घनइंचांच्या इंजिनाने ते गाजले आणि १९६९ नंतर ते नाहीसे झाले. १९९२ च्या सेमा या गाड्यांच्या सुट्या भागांच्या व्यापारी प्रदर्शनात जॉन मॉस यांच्या चमूने शेव्हरोलेच्याच साध्या कॅप्रिस गाडीवरून तयार केलेली काळी नमुना-गाडी लोकांना इतकी आवडली की कंपनीने १९९४ पासून ती विकायला काढली. त्या पहिल्या वर्षी ती फक्त काळ्या रंगात मिळे. पुढच्या वर्षी गडद चेरी आणि करडा हिरवा हे रंग आले. १९९६ मध्ये गिअरची दांडी स्टिअरिंगवरून दोन आसनांच्या मध्ये आली आणि आकडी वेगमापकाची जागा काट्याच्या वेगमापकाने व फेरेमापकाने घेतली. शक्य असेल तर १९९६ चीच घ्यावी, असा माझा सल्ला आहे. माझी गडद चेरी रंगाची आहे, आणि सावलीत ती काळी दिसते.

कागदावर हिच्या ५.७ लिटरच्या एलटी१ इंजिनाची शक्ती २६० अश्वशक्ती आहे. ३६५ शी तुलना करून अनेक जण नाक मुरडतात, आणि येथे एक गैरसमज दूर करायला हवा. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या प्रामुख्याने इंजिन एकटे, पंखा, एअर क्लीनर आणि गाडीचा सायलेन्सर यांशिवाय चाचणीच्या ओट्यावर चालवून मिळालेला आकडा जाहीर करीत. १९७२ पासून ही सर्व उपांगे जोडून मोजलेला आकडा देण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे हे दोन आकडे एकाच फूटपट्टीने मोजलेले नाहीत. दोन्ही गाड्या एकाच गॅरेजमध्ये ठेवून अकरा वर्षे चालवल्यावर मी सांगू शकते की जागेवरून निघताना इंपाला किंचित चपळ वाटते, आणि पन्नास ते ऐंशीच्या पट्ट्यात क्रायस्लर अधिक सहज वाटते, कारण तेथे टॉर्क बोलतो. इंपालाला त्याच कामासाठी दोन गिअर खाली यावे लागते आणि तिचा आवाज ते सांगतो.

बाकी बहुतेक सर्व बाबतींत इंपाला उजवी आहे. चारही चाकांना डिस्क ब्रेक, चाके अडकू न देणारी प्रणाली, १७ इंचांची चाके, पोलिसांच्या कॅप्रिसच्या धर्तीवर कडक केलेले सस्पेन्शन आणि दोन एअरबॅग. १९९८ च्या जुलैमध्ये आम्ही ती घेऊन मोंटाना राज्यातून आय-९० या महामार्गाने गेलो. १९९५ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय वेगमर्यादा उठल्यानंतर १९९९ पर्यंत त्या राज्यात दिवसा आकड्यात मांडलेली मर्यादा नव्हती, परिस्थितीला शोभेल असा वाजवी आणि सावध वेग एवढीच अपेक्षा कायद्यात होती. रात्री मात्र मर्यादा असे. बिलिंग्स सोडल्यावर, कोरडा रस्ता आणि दूरवर दिसणारे क्षितिज असताना, मी ताशी ९० मैल हा माझ्यासाठी वाजवी वेग ठरवला आणि तो जवळजवळ दोन तास धरला. चौथा गिअर उंच असल्यामुळे इंजिन अडीच हजारांच्याही खाली फिरत होते, आम्ही नेहमीच्या आवाजात बोलत होतो, आणि मुलाने मागे पुस्तक वाचून संपवले. मध्येच एक हरिण कडेच्या गवतातून डोकावले आणि मी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, नाक फारसे न झुकवता, माझ्या अपेक्षेच्या निम्म्या अंतरात मंदावली. तस्कारोराच्या उतारावरचा वास मला त्याच क्षणी आठवला. त्या प्रवासात तिने गॅलनला २३ मैल दिले.

तिचे दोष सांगितलेच पाहिजेत. आतले प्लास्टिक स्वस्त आहे आणि उन्हाने ठिसूळ होते. आसने रुंद आणि मऊ आहेत, पण वळणावर शरीराला धरत नाहीत. या इंजिनाचा ऑप्टिस्पार्क नावाचा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या समोर, पाण्याच्या पंपाच्या बरोबर खाली आहे. पंप गळू लागला की पाणी त्याच्यावर पडते आणि इंजिन अडखळू लागते. १९९५ पासूनच्या गाड्यांत आत हवा खेळवण्याची सोय केली आहे, तिने पुष्कळ फरक पडतो. तरीही पंप गळण्याची वाट न पाहता तो वेळेवर बदलणे हाच खरा उपाय आहे, आणि डिस्ट्रिब्युटरला हात लावायचाच असेल, तर दोन्ही कामे एकदमच करून घ्यावीत, कारण मजुरी तीच लागते. चेसिसच्या मागच्या भागाचा गंज येथेही तपासावा.

सुट्या भागांबाबत दोन्ही गाड्या सारख्याच उदार आहेत. ४४० चे इंजिन पोलिसांच्या गाड्यांत आणि मोटर-होममध्येही जात असे, त्यामुळे त्याचे आणि टॉर्कफ्लाइटचे भाग आजही सहज मिळतात. दुर्मीळ आहेत त्या क्रायस्लरच्या बाहेरच्या वस्तू: मागच्या दिव्यांच्या काचा, बंपर, क्रोमच्या पट्ट्या, हार्डटॉपच्या काचांभोवतीची रबरे. यांतले काही तुटलेले असेल, तर इंजिन बिघडलेली पण अंगाने पूर्ण असलेली गाडी अधिक परवडते. इंपालाच्या बाबतीत याच्या उलट पाहावे. ती सुमारे ७० हजारांच्या संख्येने बनली आणि आर्लिंग्टनच्या कारखान्यात तिचे उत्पादन १९९६ च्या अखेरीस थांबले, पण तिच्या कॅप्रिस भावंडांची संख्या मोठी असल्यामुळे दारे, काचा आणि बंपर यांची चणचण फारशी भासत नाही. म्हणून तेथे देखभालीच्या पावत्या पाहाव्यात.

ज्यांना एकच गाडी ठेवायची आहे आणि ती मुलाबाळांसह लांबच्या प्रवासाला न्यायची आहे, त्यांनी इंपाला घ्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्यांच्याकडे रोजच्या वापरासाठी दुसरी गाडी आहे, कोरडे गॅरेज आहे, आणि ब्रेकवर आधी पैसे खर्च करण्याची तयारी आहे, त्यांनी ४४० ची मोठी क्रायस्लर शोधावी. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा जो मेळा १९९५ पासून भरतो, तेथे दोन्ही पाहायला मिळतात, आणि मालक मोकळेपणाने बोलतात. तेथे गाडी फक्त पाहावी. निर्णय एखाद्या ओसाड दुहेरी रस्त्यावर, ताशी ५० मैलांनी जात असताना ॲक्सिलरेटर दाबून, आणि नंतर लगेच ब्रेक दाबून घ्यावा.

क्रायस्लर मी २००९ मध्ये ओहायोतील एका तरुण जोडप्याला विकली. पाठीच्या दुखण्यामुळे मला तिच्या खाली शिरणे जमेनासे झाले होते, आणि इतरांच्या हाती ते काम सोपवण्याची माझी इच्छा नव्हती. त्यांना मी एक पत्र्याचा डबा दिला. त्यात दोन बॅलास्ट रेझिस्टर, एक स्क्रूड्रायव्हर, गिअरबॉक्सच्या दांडीची मापे लिहिलेला कागद आणि डाव्या चाकांचे सहा जादा नट होते. ते कोणत्या दिशेने सुटतात हे मी त्यांच्यासमोर एक चाक काढून दाखवले, मग त्या मुलीला तेच चाक परत बसवायला सांगितले, आणि तिने ते बरोबर बसवल्यावर गाडीचे कागद तिच्या हाती दिले.